जुन्या गाडीचं स्टेअरिंग थरथरतंय आणि खाली तेलही पडतंय: गॅरेजला नेण्याआधीची तयारी

दहा-पंधरा वर्षं झालेली गाडी समृद्धीवर काढायची म्हटलं की दोन तक्रारी हमखास पुढे येतात. ऐंशीच्या वर काटा गेला की स्टेअरिंग हातात थरथरतं, आणि रात्री गाडी उभी केली तिथे सकाळी तेलाचा डाग असतो. ही गाडी तशीच गॅरेजला नेली तर "रॅक गेला भाऊ" एवढं ऐकून परत यायची वेळ येऊ शकते. रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग, जातो, नाही असं नाही. पण थरथर आणि गळती बहुतेक वेळा दोन वेगळी दुखणी असतात, आणि रॅक हे त्यातलं सर्वांत खर्चिक काम. म्हणून किल्ली दुसऱ्याच्या हातात देण्याआधी एक सकाळ स्वतः गाडीला द्या. हे सगळं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, पॉवर स्टेअरिंगच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे जुनी होंडा सिटी, ॲक्सेंट, इंडिगो वगैरे. इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाडीत तेलाचा भाग सोडून द्या, बाकी सगळं लागू आहे.

आदल्या रात्रीच सामान काढून ठेवा: हवा मोजायचा गेज, टॉर्च, जॅक आणि पाना, चाकाला अडण म्हणून दोन विटा, जुन्या चिंध्या, खोक्याचा मोठा पुठ्ठा, वही-पेन आणि गाडीचं मॅन्युअल. पुठ्ठा रात्रीच इंजिनखाली सरकवून त्यावर पुढची बाजू कुठली ते लिहून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडला ते त्यावर नेमकं कळतं. उन्हाळ्यात एसीचं पाणीही खाली ठिबकतं, त्याला घाबरू नका; ते स्वच्छ असतं आणि वाळून जातं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बहुधा हिरवट किंवा गुलाबी असतो, बोटाला किंचित चिकट लागतो. इंजिन ऑइल तपकिरी-काळं. स्टेअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं, जुनं झालं की काळपट पडतं.

सकाळी ऊन तापायच्या आत टायरपासून सुरुवात करा. गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्येच हवा मोजायची. पुढच्या दोन्ही टायरवर हात फिरवून कुठे फुगवटा, कुठे उंच-सखल झीज आहे का बघा. फुगवटा सापडला तर पुढची तपासणी थांबवा, तो टायर आधी बदला. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांपुढच्या टायरवर माझा भरवसा नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात तर मुळीच नाही.

आता टॉर्च घेऊन रिमच्या आतल्या बाजूला बघा. इकडे हे बघणं फारच महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात गाडी शेताच्या रस्त्याने जाऊन आली की काळी माती रिमच्या आत थापली जाते आणि वाळून दगडासारखी घट्ट बसते. बाहेरून धुतलेली गाडी चकाचक दिसते, पण एका बाजूला चिकटलेला हा ढेकूळ चाकाचं बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या बाजूंच्या वजनाचा समतोल, पार बिघडवतो. खरवडून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढा. तिथेच बॅलन्सिंगसाठी रिमला लावलेलं छोटं वजन निघून गेल्याची स्वच्छ चौकोनी खूण दिसते का, रिमची कड खड्ड्यात वाकली आहे का, तेही बघून घ्या.

मग गाडी बाहेर काढा. सिमेंटच्या रस्त्यावर सांध्यांची धडधड बसते आणि फसगत होते, त्यामुळे चांगल्या डांबरी रस्त्याचा मोकळा तुकडा निवडा. शेजारी बसलेल्याने वहीत लिहायचं, चालवणाऱ्याने नाही. ८० ते १०० दरम्यान थरथर येते आणि त्यापुढे कमी होते, तर बहुधा बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर येते, तर बहुधा पुढच्या ब्रेक डिस्क असमान झिजल्यात किंवा वाकड्या झाल्यात. हळू चालतानाही चाक डुलल्यासारखं वाटतं, तर टायर किंवा रिम. ॲक्सिलरेटर दाबताना येते आणि सोडल्यावर जाते, तर चाकाला इंजिनची ताकद पोचवणाऱ्या एक्सलचा आतला जॉइंट. स्टेअरिंग शांत आणि सीट हलते, तर मागची चाकं बघा. वेगाबरोबर घूं-घूं आवाज वाढतो आणि वळणावर बदलतो, तर व्हील बेअरिंग.

घरी आल्यावर हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना विटा लावा आणि पुढचं एकेक चाक जॅकवर उचला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. खट् असं जाणवलं तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारे सांधे. बारा आणि सहाच्या जागी धरून हललं तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड स्पष्ट ढिला असेल तर गाडी चालवत न नेता उचलून न्या. लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी भाग) फाटलेत का, तेही दिसतंय तेवढं बघा. बुश फाटलेले असले की थोडंसं बिघडलेलं बॅलन्सिंगही खूप मोठं वाटतं.

तेलाकडे आता या. स्टेअरिंगच्या तेलाच्या छोट्या टाकीतली पातळी आणि रंग बघा. फेस असेल तर तेलात हवा शिरते आहे, आणि ती बरेचदा टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या सैल पाइपमधून किंवा त्याच्या ओ-रिंगमधून (सांध्यातल्या रबरी कड्यातून) शिरते. इंजिन गार असताना पंप, पाइप, रॅक चिंधीने कोरडे पुसून घ्या. इंजिन सुरू करून एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावं, टोकाला दाबून धरू नये. दुसऱ्याने वरून टॉर्चने बघावं. प्रेशरच्या पाइपला चालू इंजिनवर हात लावू नये. जिथे सर्वांत आधी ओल दिसू लागेल तिथे गळती. वरून सुरू झालेलं तेल खाली ओघळतं, म्हणून नेहमी सर्वांत वरचा ओला बिंदू शोधायचा. मग इंजिन बंद करून, चाक वळवून, रॅकच्या टोकाचा रबरी बूट, म्हणजे घडीचं आवरण, दाबून बघा. आत तेल डुचमळलं तर रॅकचं सील गेलं. बूट कोरडा, आणि ओल फक्त पाइपच्या क्लिपपाशी असेल, तर रॅकच्या खर्चाला ठाम नकार द्या.

पातळी कमी असेल तर मॅन्युअलमध्ये किंवा झाकणावर लिहिलेलंच तेल घाला. काही गाड्यांत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, होंडात तिचं स्वतःचं लागतं. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांपासून लांब राहा, त्यातली बरीच द्रव्यं सीलचं रबर फुगवतात.

गॅरेजमध्ये वही पुढे ठेवा आणि क्रम ठरवून घ्या: आधी गळतीची जागा आणि ढिले सांधे, मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सर्वांत शेवटी. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. बदललेला प्रत्येक जुना पार्ट मागून घ्या, अलाइनमेंटची छापील पट्टीही घ्या. घरी येऊन पुन्हा पुठ्ठा अंथरा, आणि शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा आवळून तेलाची पातळी बघा.