सिद्धेश्वर तलाव, भुईकोट आणि होम मैदान : लँडस्केप आर्किटेक्चरकडे वळणाऱ्यांसाठी

सोलापुरातले जे विद्यार्थी लँडस्केप आर्किटेक्चरची चौकशी करायला येतात, त्यांच्या मनात बहुधा दोन शंका असतात. बागा लावण्यापलीकडे या विषयात शिकण्यासारखे काय आहे, ही पहिली आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे काम कोण देणार, ही दुसरी. काही वर्षे याच शहरात आणि आसपास काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, या व्यवसायाचा गाभा जमिनीचा उतार, पाण्याची वाट, सावली आणि माणसांची ये-जा यांत आहे. झाडांची यादी अगदी शेवटी येते. पाणी कमी असलेल्या गावात तर ही गोष्ट अधिकच खरी ठरते, कारण तिथे चुकीच्या आराखड्याला हिरवळीने झाकून टाकता येत नाही.

शिक्षणाचा मार्ग थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन ‘नाटा’ ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. त्यानंतर पाच वर्षांची बी.आर्क. म्हणजे आर्किटेक्चरची पदवी आणि तिच्यापुढे दोन वर्षांची लँडस्केपमधली पदव्युत्तर पदवी. दिल्ली व भोपाळ येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट, पुण्यात मुलींसाठी असलेले भानुबेन नानावटी महाविद्यालय ही सर्वांना ठाऊक असलेली ठिकाणे आहेत. ‘गेट’ ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा दिलेली असली, तर प्रवेशाला आणि विद्यावेतनाला उपयोग होतो. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे आर्किटेक्टची नोंदणी होते, पण लँडस्केपसाठी आपल्याकडे वेगळी वैधानिक परिषद नाही. इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स ही व्यावसायिकांची संस्था आहे. म्हणून बी.आर्क.ची नोंदणी पक्की करून मगच पुढे जावे, असे मी सुचवतो.

अभ्यासासाठी दूर जाण्याआधी स्वतःच्या गावातला सर्वांत चांगला धडा वाचून घ्यावा. भुईकोट किल्ला, त्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव, तलावातले मंदिर आणि शेजारचे होम मैदान या चार जागा नकाशावर वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी त्यांची रचना एकमेकींवर अवलंबून आहे. बहमनी काळातल्या या किल्ल्याला पूर्वेच्या बाजूला तलावाचे संरक्षण होते आणि उरलेल्या बाजूंना खंदक होता. म्हणजे जे पाणी आज आपण सौंदर्याचा भाग मानतो, ते एके काळी तटबंदीइतकेच लष्करी महत्त्वाचे होते. पावसाळ्यातल्या एखाद्या जोरदार सरीनंतर छत्री घेऊन या परिसरात फिरावे आणि पाणी कुठून येते, कुठे अडते, कोणत्या रस्त्याच्या उंचीमुळे वळते, हे वहीत मांडावे. कागदावरच्या कंटूर रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, अर्थ त्या एका फेरीत जितका कळतो, तितका वर्गात कळत नाही.

होम मैदानाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नवशिक्यांचे आराखडे इथेच फसतात. मोकळे मैदान दिसले की त्यात पायवाटा, कारंजे आणि झुडपांचे वाफे काढण्याचा मोह होतो. परंतु मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा तेच मैदान भरून जाते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्यांचे ध्वज, मिरवणुकीने अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो, मैदानावर होमविधी होतो आणि शोभेचे दारूकाम पाहायला गर्दी लोटते. नंदीध्वज उंच असतात, ते तोलून न्यायचे असतात आणि वाटेतली खाली आलेली फांदी किंवा तार त्यांना चालत नाही. म्हणून या परिसरात काम करताना जमिनीच्या आराखड्याइतकाच रस्त्याचा उभा छेद काढावा लागतो, झाडाची पहिली फांदी किती उंचीवर हवी हे ठरवावे लागते आणि रिकामी जागा रिकामीच ठेवण्याची तरतूद लिहून द्यावी लागते. ऐतिहासिक जागेत मोकळेपणा हाही जतन करण्याचा घटक असतो. १९८१ च्या फ्लॉरेन्स सनदेने ऐतिहासिक बागांना स्मारकाचा दर्जा दिला आणि युनेस्कोच्या २०११ च्या शिफारशीने जुन्या शहराकडे त्याच्या चालीरीती, भूरचना आणि वापरासकट पाहायला सांगितले. ही कागदपत्रे परीक्षेपुरती पाठ न करता गड्ड्याच्या यात्रेवर लावून पाहिली, तर त्यांचा अर्थ खुलतो.

कायद्याची बाजू कंटाळवाणी वाटते, पण तिच्याशिवाय काम पुढे सरकत नाही. भुईकोट हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच काम करता येते. स्मारकाच्या आत तर वृक्षारोपणाचा खड्डाही निरुपद्रवी नसतो, कारण मीटरभर खोदताना जुन्या थरांना धक्का लागू शकतो. तटाच्या सांध्यांत उगवलेले पिंपळ आणि उंबर नुसते छाटले, तर ते मुळांतून पुन्हा जोमाने फुटतात. मुळांचा बंदोबस्त करून सांधे भरताना चुन्याचाच वापर करावा लागतो, कारण सिमेंट ओल आत कोंडून ठेवते आणि क्षारांमुळे दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. शहरातील झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा आहे. पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे.

पर्यावरणाची गुणवत्ता हा शब्दप्रयोग अहवालांत फार सैल वापरला जातो. मी नव्या सहकाऱ्यांना आधी मोजायला सांगतो. मे महिन्यात दुपारी डांबरी रस्ता, पेव्हर ब्लॉक, उघडी माती आणि कडुनिंबाखालची माती यांचे तापमान साध्या इन्फ्रारेड तापमापकाने घेतले, तरी चर्चेला आधार मिळतो. हवेतल्या बारीक धूलिकणांपैकी पीएम १० ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर त्याहून सूक्ष्म अशा पीएम २.५ ची ४०. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचा समावेश असल्याने रस्त्यांच्या कडेची उघडी धूळ हा आता लँडस्केपचाही विषय आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तलावाच्या पाण्यात मासे टिकण्यासाठी विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा अधिक लागतो. सांडपाणी आणि निर्माल्य साचले की शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजताना प्राणवायू संपतो, आणि काठावर कितीही सुंदर घाट बांधला तरी वास लपत नाही. त्यामुळे तलावाच्या सुशोभीकरणाचे काम हाती आले, तर सर्वप्रथम त्यात मिळणारे नाले शोधावेत, हा माझा आग्रह असतो आणि त्यावरून कधीकधी बैठका तापतात.

मातीचा अभ्यास पुस्तकात चार पानांत उरकतो, प्रत्यक्षात तो सगळ्यांत जास्त दिवस खातो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट फरशी टाकली की ती वर्षभरात उचकटते. फरशीखालची काळी माती काढून मुरूम दाबून भरणे आणि पाण्याला निचरा देणे, हा खर्च अंदाजपत्रकात दिसत नसेल, तर ते अंदाजपत्रक खोटे समजावे. उलट उंचवट्यांवर वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि तिथे झाडाच्या खड्ड्यात बाहेरून माती व शेणखत घालावे लागते.

झाडे निवडताना फुलांच्या रंगापेक्षा सावलीचे महिने पाहावेत. गुलमोहर मार्च-एप्रिलमध्ये बराचसा निष्पर्ण असतो, तर कडुनिंब आणि करंज पानगळ लवकर आटोपून कडक उन्हाच्या आधी नवी पालवी धरतात. एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. हिरवळीबाबत हिशेब सोपा आहे : एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आणि उन्हाळ्यात दिवसाला ५ ते ६ मिलिमीटर धरले तरी १००० चौरस मीटर हिरवळीला रोज ५ ते ६ हजार लिटर पाणी लागते. हा आकडा बैठकीत सांगितला की हिरवळीचा आग्रह बराच ओसरतो. जुन्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक नेण्याची पद्धतही अशीच मोडून काढावी लागते. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवली, तर मुळांना पाणी आणि हवा मिळते.

कामे कुठून मिळतात, याविषयी स्पष्ट बोलतो. सोलापुरात केवळ लँडस्केपवर चालणारी कार्यालये फारशी नाहीत. सुरुवातीची वर्षे पुण्या-मुंबईतल्या कार्यालयात काढून डिटेल ड्रॉइंग, परिमाणपत्रक (कामाच्या मोजमापांची यादी) आणि साइटवरची देखरेख शिकावी. ऑटोकॅडबरोबर क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर शिकलेल्याला शासकीय प्रकल्पांत लवकर संधी मिळते. गावाकडे परतल्यावर शाळा, साखर कारखाने, मंगल कार्यालये, देवस्थाने आणि नगरपालिकांची कामे मिळतात. त्यांत पैसे उशिरा येतात, म्हणून करारात कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम लिहून घ्यावी. निविदेत झाडे लावण्याचा दर असतो, पण ती जगवण्याचा नसतो. तो दर वेगळा काढून निदान तीन उन्हाळ्यांचे पाणी, आळी, आधाराच्या काठ्या आणि मेलेल्या रोपांची बदली ठेकेदाराकडे ठेवावी आणि शेवटचे बिल तिसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या मोजणीला जोडावे.