देवनागरी अक्षरं हलवताय? या चुका टाळा

अण्णांनी माझा व्हिडिओ जेमतेम नऊ सेकंद बघितला आणि मोबाइल परत दिला. "कापड वरनं खाली कुठं विणतेत का बे?"

अण्णा आमच्या गल्लीतले. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. मी डिझाइनचा विद्यार्थी. प्रोजेक्ट असा होता: सोलापुरी चादरीची नक्षी ज्या आलेखाच्या कागदावर आधी चौकटी-चौकटीने काढतात, त्याच चौकटींतून देवनागरी अक्षरं घडवायची आणि ती मागावर विणली जात असल्यासारखी दाखवायची. एक मिनिटाचा व्हिडिओ. सॉफ्टवेअर येत होतं, अक्षरं तयार होती, आणि तरीही पहिले तीन आठवडे पाण्यात गेले. त्यातल्या बहुतेक चुका कुणालाही टाळता येतील अशा आहेत.

अक्षर कसं घडतं ते न बघता ते हलवणं

सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि अण्णांनी ती नऊ सेकंदांत पकडली. माझी अक्षरं शिरोरेषेपासून सुरू होऊन खाली उतरत होती, कारण तयार इफेक्ट तसाच होता. मागावर विणलेलं कापड विणणाऱ्याच्या बाजूला, पोटाजवळच्या रुळावर गुंडाळलं जातं आणि नवा धागा पलीकडच्या कडेला ठोकला जातो. म्हणजे अक्षर आपल्याकडे सरळ तोंड करून असेल तर त्याचे पाय आधी विणले जातात, डोकं नंतर. वर मात्रा नसेल तर शिरोरेषा सगळ्यात शेवटी.

गंमत अशी, की पहिलीत पाटीवर आपण हेच केलं होतं. आधी अक्षरं, मग त्यांच्या डोक्यावरून एक लांब रेघ. माग आणि हात दोघंही रेघ शेवटी ओढतात. आधी ओढत होतो तो फक्त मी.

तुमचा विषय चादर नसेलही. रांगोळी असेल, खडू असेल, दुकानाची पाटी रंगवणारा ब्रश असेल. की-फ्रेम (हालचालीच्या टप्प्यांच्या खुणा) टाकण्याआधी ते काम करणाऱ्या माणसाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या (विचारून घ्या, कारखान्यात तर नक्कीच) आणि हात कुठून कुठे जातो ते कागदावर बाणांनी मांडा. धोटा (आडवा धागा नेणारा) एकदा डावीकडून उजवीकडे जातो, मग उजवीकडून डावीकडे. माझ्या पहिल्या मसुद्यात प्रत्येक ओळ डावीकडूनच येत होती. एवढा बदल केल्यावर व्हिडिओ मागासारखा दिसायला लागला.

शिरोरेषा प्रत्येक अक्षराला वेगळी चिकटवणं

रोमन अक्षरं सुटी असतात, त्यामुळे परदेशी ट्युटोरियलमध्ये एकेक अक्षर उडवत आणतात. देवनागरीत तसं केलं की शब्दाचं छप्पर तुकड्या-तुकड्यांनी येतं. त्यात आणखी एक भानगड आहे. फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा थोड्या एकमेकांवर चढवलेल्या असतात, म्हणजे मध्ये फट राहत नाही. अक्षरं सुटी करून प्रत्येकाची ओपॅसिटी कमी केली, म्हणजे अक्षर थोडं पारदर्शक केलं, की त्या सांध्यांवर गडद गाठी दिसतात. उपाय सोपा आहे: शब्दाची अक्षरं एका प्रीकॉम्पमध्ये (सगळे लेअर एकत्र बांधून केलेला एकच लेअर) घ्या आणि ओपॅसिटी त्या प्रीकॉम्पला द्या. किंवा आकार मर्ज करून टाका.

मी त्यापेक्षा वेगळं केलं. शिरोरेषा अक्षरांपासून कापून तिचा स्वतंत्र लेअर केला. कल्पना चांगली होती, पण मी ती रेघ शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढली आणि 'धागा'चा 'घागा' झाला. ध, भ, थ यांच्या डोक्यावर रेघ थोडी तुटलेली असते, ते माझ्या लक्षातच नव्हतं. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केल्याची कथा सगळ्यांनी ऐकलेली असते. मी 'ध'चा 'घ' केला. रेघ वेगळी करायची असेल तर तिच्यातल्या फटीही तिच्यासोबत गेल्या पाहिजेत.

जोडाक्षरं फुटली की फॉन्टला दोष देणं

'सिद्धेश्वर' टाइप केलं आणि वेलांटी 'स'च्या मागे जाऊन बसली, 'द्ध' आणि 'श्व' पाय मोडून उभे राहिले, तर फॉन्ट बहुधा ठीक असतो. सॉफ्टवेअर भारतीय लिपीसाठी लावलेलं नसतं. ह्रस्व वेलांटी आपण व्यंजनानंतर टाइप करतो, पण दिसते आधी. ही अदलाबदल करणारं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात 'साउथ एशियन' असा उल्लेख असलेला पर्याय शोधा. इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथेच इंडिक पर्याय दाखवण्याची टिक असते. जुना नॉन-युनिकोड फॉन्ट वापरत असाल तर मात्र तो सोडा, त्याच्या नादी लागू नका. मुक्त परवान्याचे 'मुक्त', 'बलू', 'नोटो सान्स देवनागरी' असे चांगले युनिकोड फॉन्ट उपलब्ध आहेत.

दुसरा सापळा 'दोऱ्या'चा. साधा 'र' वापरून र् आणि य जोडले की रफार होतो आणि दोऱ्याचा 'दोर्या' होतो. 'सूर्या'तला र्य वेगळा, 'दोऱ्या'तला ऱ्य वेगळा. त्यासाठी कीबोर्डवरचा 'ऱ' वापरावा लागतो. चादरीवरच्या व्हिडिओत दोराच चुकला असता तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

आणि ल, श बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळण. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही त्याचाच आग्रह आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी वळण समोर येतं. 'सोलापूर' लिहिताना ल परका दिसला की मला तरी पुढचं काही दिसत नाही.

माझा क्रम आता ठरलेला आहे. सिद्धेश्वर, दोऱ्या, सूर्य, धागा, किल्ला हे पाच शब्द आधी टाइप करायचे, कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावायचे, आणि मगच अक्षरांचे आउटलाइन, म्हणजे नुसते आकार, करायचे. आउटलाइन झाल्यावर चूक सापडली तर सगळं पुन्हा.

चौकट आणि पडदा यांचा हिशेब न जुळणं

मी आधी २७ पिक्सेलची चौकट धरली, कारण १०८० भागिले २७ बरोबर ४०. चौरस व्हिडिओत छान बसली. मग उभा व्हिडिओ करायचा ठरलं, उंची १९२०, आणि १९२० ला २७ ने भाग जात नाही. सगळं ९३ टक्क्यांवर आणलं तर काही चौकटी जाड, काही बारीक, आणि हलताना कडा थरथरायला लागल्या. शेवटी २४ पिक्सेल घेतले: आडव्या ४५ चौकटी, उभ्या ८०. दोन्हीकडे पूर्ण भाग. हे गणित पहिल्या दिवशी पाच मिनिटांचं असतं, विसाव्या दिवशी पाच रात्रींचं.

अक्षराला मी ४० ओळींची उंची दिली. त्यातल्या २४ ओळी अक्षराच्या अंगाला, ८ वर, ८ खाली. वरच्या मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचे उकार यांना जागा न ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

ठोका आणि फ्रेम

अण्णांच्या ओळखीच्या कारखान्यात मी मागाचा आवाज मोबाइलवर घेतला. मोजला तर मिनिटाला साधारण १२० ठोके, म्हणजे सेकंदाला दोन. माझा प्रोजेक्ट सेकंदाला २५ फ्रेमवर होता. एका ठोक्याला साडेबारा फ्रेम! अर्धी फ्रेम कुठे ठेवणार? दहा-बारा ठोक्यांनंतर चित्र आणि आवाज यांची फारकत जाणवू लागली, आणि मी दोन दिवस आवाजाच्याच फाइलला दोष देत बसलो. २४ फ्रेमवर एका ठोक्याला १२ फ्रेम बसतात, ३० वर १५. मी २४ घेतल्या. आवाज हाताशी असेल तर आधी ठोके मोजा, मग फ्रेम रेट ठरवा.

एका ठोक्याला एक ओळ घेतली तर ४० ओळींचं अक्षर विणायला वीस सेकंद लागतात. एवढा वेळ कोण बघेल? म्हणून एका ठोक्यात चार ओळी, प्रत्येकीला तीन फ्रेम, एक अक्षर पाच सेकंदांत. हे खरं तर खोटं विणकाम आहे. अण्णांना सांगितलं, ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

सगळीकडे 'ईझी ईझ' लावण्याची सवयही इथे आड आली. मऊ सुरुवात, मऊ शेवट हे पडदा सरकताना शोभतं. माग खाडकन चालतो आणि खाडकन थांबतो. होल्ड की-फ्रेम (पुढच्या खुणेपर्यंत चित्र जागचं हलत नाही) लावल्यावर दम आला.

शेवटच्या रात्रीच्या चुका

चादरीचा लाल रंग गडद निळ्यावर बारीक रेघांत वापरलात तर एक्स्पोर्टनंतर तो फिसकटतो. नेहमीच्या व्हिडिओ फाइलमध्ये रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्म्याच बारकाईने साठवली जाते. रेघ जाड करा किंवा दोन रंगांच्या उजेडात फरक वाढवा.

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे असतो. लॅपटॉप तापून मंदावतो आणि वीज कधीही जाते. थेट एमपीफोर रेंडर करताना, म्हणजे अख्खी व्हिडिओ फाइल काढताना, मध्येच बंद पडलं, तर फाइल बहुधा उघडतच नाही. त्याऐवजी पीएनजी फ्रेम, म्हणजे एकेक सुटं चित्र, काढा. एक मिनिट म्हणजे १४४० फ्रेम. ९०० वर वीज गेली तर ९०१ पासून पुढे. रात्री काढा, लॅपटॉपखाली पुस्तक ठेवा, गादी नको.

आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अण्णांना मी पहिल्यांदा साधाच पाठवला होता. चौकटी विरघळून गेल्या होत्या आणि त्यांनी विचारलं, "हे धुतल्यावर असं झालं व्हय?"