घाटावरची इंजिनरूम

बारावीनंतर मी रत्नागिरीहून घाट चढून पुणे जिल्ह्यात आलो, ते जहाजाचं इंजिन शिकायला. आजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही. समुद्र दारात असताना पोरगा बोटीचं शिकायला डोंगरात का जातो? माझे काका मात्र बोटीवर तेलवाले म्हणून उभं आयुष्य घालवून आले होते. निघताना ते एवढंच बोलले, "कानस हातात देतील, तेव्हा कंटाळू नको रे."

आणि पहिल्या वर्षी कानसच हातात आली. माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि घासून काटकोनात आणायचा. गुण्या लावून तो खिडकीकडे धरला, की फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसायची. ती घालवायला मला नऊ दिवस लागले. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. शेवटी आमच्या सरांनी मागून येऊन माझं मनगट धरलं. कानस पुढे जातानाच कापते आणि मी मागे ओढतानाही दाब देत होतो. दोन तासांत रेघ गेली. पुढे जहाजावर व्हॉल्व्हची सीट लॅपिंग करताना, म्हणजे घासून नीट बसवताना, हाताला तोच अंदाज उपयोगी पडला. म्हणून नव्या मुलांना सांगतो, वर्कशॉपचे तास सबमिशनपुरते उरकू नका. तुकडा मित्राकडून घासून घेता येतो, हात घेता येत नाही.

पहाटेची पीटी, परेड, इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म, खोलीची तपासणी यांची सवय दोन महिन्यांत होते. घरची आठवण जास्त छळते, पण तीही पहिल्या गणपतीपर्यंतच.

दुसऱ्या वर्षी लेथवर माझ्याकडून मोठी चूक झाली. तुकडा पकडून फिरवणाऱ्या चकची चावी चकमध्येच राहिली आणि मी मशीन सुरू करायला हात पुढे केला. सरांनी तो हवेतच धरला. ते ओरडले नाहीत. चावी उडाली असती तर समोरच्या मुलाच्या तोंडावर कुठे बसली असती, ती जागा त्यांनी त्याच्या गालाजवळ बोट नेऊन दाखवली. त्या दिवसापासून चावी हातातून सुटली, की आधी तिच्या खिळ्यावर जाते.

आमच्या कॉलेजात 'शिप इन कॅम्पस' होतं. पाण्याचा थेंब नसलेल्या जागी उभी केलेली खरी इंजिनरूम: जनरेटर, बॉइलर, प्युरिफायर, कॉम्प्रेसर आणि पायाखाली फ्लोअर प्लेट. माझ्या मते चार वर्षांतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण त्या प्लेटखाली आहे. लाइन ट्रेसिंग म्हणजे पाइप कुठून निघतो, कुठे फिल्टर, कुठे पंप, कुठला व्हॉल्व्ह कुठे वळवतो, हे हाताने धरत धरत जाऊन कागदावर काढायचं. बरीच मुलं सीनियरचं चित्र उतरवून काढायची. मीही बिल्ज लाइनचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणारं तेलकट पाणी नेणाऱ्या पाइपचं, तसंच उतरवलं होतं. सरांनी टॉर्च दिला आणि तेल-पाणी वेगळं करणाऱ्या ऑइली वॉटर सेपरेटरपर्यंत मला प्लेटखालून नेलं. त्या यंत्रातून समुद्रात जाणाऱ्या पाण्यात तेलाचं प्रमाण १५ पीपीएमच्या (दहा लाखांत १५ भागांच्या) वर जाता कामा नये, हे मला पाठ होतं. पण नमुना कुठून घेतला जातो तो नखाएवढा कॉक, म्हणजे तोटी, मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सीनियरच्या चित्रात तो नव्हताच.

प्रवेशाचं बोलायचं, तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये मिळून ६० टक्के, दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के आणि आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची) सीईटी. मेकॅनिकलची पदवी असेल तर जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनीअरिंग) कोर्स आहे. फॉर्म भरण्याआधी डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा असेल तर ही वाट बंद होते आणि हे फी भरल्यावर कळणं फार वाईट. बी.टेक.नंतर जहाजावर किमान सहा महिने काढून मरीन इंजिनीअरची क्लास फोर ही पात्रता परीक्षा द्यायची, तेव्हा खऱ्या अर्थाने इंजिनीअर अधिकारी होता येतं.

एका गोष्टीचा मला आजही राग येतो. माझ्या वर्गमित्राच्या वडिलांनी जहाज मिळवून देतो म्हणणाऱ्या एका एजंटला दोन लाख दिले. बाग गहाण ठेवून. जहाज आलं नाही. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणं नियमातच बसत नाही. कंपनीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा, क्रमांक डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर स्वतः बघा, वडिलांनाही दाखवा.

माझ्या पहिल्या जहाजावर मी तीन साबांबरोबर, म्हणजे थर्ड इंजिनीअरबरोबर, बारा ते चारच्या वॉचला (पाळीला) होतो. एका रात्री समुद्राच्या पाण्याच्या पाइपला सुईएवढं भोक पडलं आणि मोटरच्या दिशेने धार उडायला लागली. तीन साबांनी दुसरा पंप लावला आणि इंजिनाच्या आवाजातून ओरडले, "दोन नंबरचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद कर!" शिडीपासून तिसरी प्लेट, डावीकडे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, लाल रंग उडालेलं चाक. पहिल्याच आठवड्यात ती लाइन मी टॉर्च घेऊन काढली होती. चाक जड होतं, पण फिरलं.