जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेताय? ट्रायल ऑफिसच्या वाटेवर मारा

सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे स्कोडाच्या ऑक्टाव्हियाचं जास्त ताकदीचं रूप, बघायला गेलं की मालक हमखास मोकळ्या हायवेवर नेतो. तिथे २३० हॉर्सपॉवर कुणालाही आवडतील. तुम्हाला ती रोज चालवायचीय, म्हणून सकाळी साडेनऊला, तुमच्याच ट्रॅफिकमध्ये ट्रायल मागा.

आधीच सांगून ठेवा: इंजिन थंड हवं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर थंड स्टार्टचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नाहीये, असं समजायला हरकत नाही.

गर्दीत ब्रेकवरून पाय अलगद काढा आणि गाडी नुसती सरकू द्या. डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पहिल्या-दुसऱ्यात धक्के देत असेल, तर खर्चाची तयारी ठेवा. २३० मॉडेलच्या सहा गिअरच्या बॉक्सचं तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. त्याचं बिल मागाच. 'शोरूमलाच केलंय हो' या वाक्याला बिलाची किंमत नाही.

मग मागे तिघांना बसवून सोसायटीचा स्पीडब्रेकर आणि बेसमेंटचा रॅम्प. पोट घासतंय का, खड्ड्यात पुढून खडखड येते का, ऐका. म्युझिक बंद. टायर लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या बाजूंचे असतात, त्यामुळे साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) फुगवटा आणि रिमच्या आतल्या कडेला वाक हात फिरवून तपासा. टायरवर २३१९ असं दिसलं, तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला.

इंजिन रिमॅप केलंय का, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललंय का, हे मात्र थेट विचारा. मालक आधी हसला तर बहुधा केलेलं असतं.