नव्या बोर्डावर कर्नल चढवण्याआधी

मागच्या खेपेला आमच्या छोट्या ओएसचा कर्नल (गाभा) रॉकचिपच्या आरके३३९९ चिपच्या बोर्डावर नेताना सोळा दिवस वाया गेले. चूक माझीच. आता तसलाच दुसरा बोर्ड टेबलावर येऊन पडलाय, म्हणून या वेळी पाकीट फोडायच्या आधी यादी. लिनक्स चढवणाऱ्यांनी वाचली नाही तरी चालेल. त्यांच्यासाठी ही सगळी उस्तवार कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते.

पॉवर, कार्ड, नेटवर्क केबल: घ्या. सीरियल केबल ३.३ व्होल्टची, ५ची लावाल तर पिन जाळून बसाल. आणि ती १५,००,००० बॉडला (सेकंदाला इतके बिट) चालते का बघा. रॉकचिपच्या बोर्डांवर यू-बूट (कर्नल रॅममध्ये आणून सुरू करणारा बूटलोडर) सहसा याच वेगाने बोलतं, १,१५,२००ने नाही. केबलमधल्या जुन्या सीपी२१०२ चिपची मजल १० लाखांपर्यंतच. मग स्क्रीनवर नुसता कचरा दिसतो आणि माणूस बोर्ड मेला म्हणून परत पाठवायला निघतो.

मग परतीची वाट. बूटरॉम (चिपमध्येच कोरलेला पहिला प्रोग्रॅम) आधी एसपीआय फ्लॅश (छोटी स्टोरेज चिप) बघतो, मग ईएमएमसी (बोर्डावरचं मुख्य स्टोरेज), मग एसडी कार्ड. ईएमएमसीत अर्धवट यू-बूट लिहून ठेवलंत की कार्ड कितीही चांगलं असो, त्याची पाळीच येत नाही. तेव्हा ईएमएमसी कोरी राहू द्या, प्रयोग कार्डावर करा. कार्डावर पहिला लोडर सेक्टर ६४वर, यू-बूट सेक्टर १६३८४वर, आणि पहिलं पार्टिशन १६ एमबीच्या पुढे. तरीही अडकलात तर कार्ड काढून ईएमएमसीची क्लॉक लाइन ग्राउंडला टेकवून वीज द्यायची. बूटरॉमला काहीच सापडत नाही आणि तो यूएसबीवर वाट बघत बसतो. ती जागा बोर्डावर कुठे आहे ते आज दिवसाउजेडी शोधून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. यू-बूटमधून कर्नलमध्ये उडी कशी मारणार? आणि उडी मारताना प्रोसेसर कोणत्या अवस्थेत असेल? हा दुसरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. कागदावर लिहा: ईएल (प्रोसेसरची अधिकार-पातळी; ईएल२ ही ईएल१च्या वरची) कितवा, एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) चालू की बंद, डेटा कॅशे (रॅममधल्या मजकुराच्या प्रती ठेवणारी झटपट मेमरी) चालू की बंद. लिहिल्याशिवाय पुढचा परिच्छेद वाचू नका.

मी यू-बूटची 'गो' ही कमांड वापरली होती. सोपं असतं ना, पत्ता द्यायचा आणि एंटर. पण 'गो' फक्त उडी मारतं. काही बंद करत नाही, कॅशे झाडत नाही (त्यातलं रॅममध्ये उतरवत नाही), एक्स० या रजिस्टरमध्ये डिव्हाइस ट्रीचा (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या यादीचा) पत्ताही देत नाही. आमचं यू-बूट ईएल२वर चालत होतं, एमएमयू आणि कॅशे चालू ठेवून. माझा सुरुवातीचा कोड मात्र ईएल१चा एससीटीएलआर (एमएमयू आणि कॅशे चालू-बंद करणारा रजिस्टर) पुसून 'झालं एमएमयू बंद' म्हणत होता. तो रजिस्टर आधीच बंद, चालू होता तो ईएल२चा! पुढे ईएल१वर उतरून मी पेज टेबल (एमएमयूचा पत्त्यांचा तक्ता) लिहिलं, ते थेट रॅममध्ये गेलं. एमएमयू चालू केल्यावर हार्डवेअरने वाचल्या त्या कॅशेत राहिलेल्या जुन्या ओळी. तीनदा बूट व्हायचं, चौथ्यांदा स्क्रीनवर यू-बूटची 'स्टार्टिंग ॲप्लिकेशन' ही ओळ आणि पुढे शुकशुकाट. मी रॅमला दोष दिला, पॉवर सप्लाय बदलला.

क्यूएमूवर (मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सगळं सुरळीत होतं म्हणाल, तर असणारच. क्यूएमू कॅशेची नक्कलच करत नाही. शिवाय त्याचं 'व्हर्ट' मशीन सांगितल्याशिवाय ईएल१वरच सुरू होतं, त्यामुळे ईएल२वरून उतरायचा कोड तिथे एकदाही चालला नव्हता. निदान 'व्हर्च्युअलायझेशन=ऑन' देऊन बघा. कॅशेचं मात्र खऱ्या बोर्डावरच कळतं.

तेव्हा 'गो' नको, 'बूटआय' घ्या. त्यासाठी कर्नलच्या डोक्यावर लिनक्ससारखं ६४ बाइटचं हेडर लावायचं: सुरुवातीला पुढे उडी मारणारी सूचना, शून्यापासून मोजून ५६व्या बाइटपासून ए, आर, एम आणि छोटा डी. इमेजच्या आकारात बीएसएस (शून्याने सुरू होणाऱ्या व्हेरिएबल्सची जागा) धरा. तो आकार शून्य ठेवलात तर यू-बूट १६ एमबी गृहीत धरतं. बदल्यात यू-बूट कॅशे झाडतं, एमएमयू बंद करतं, एक्स० मध्ये डिव्हाइस ट्री देतं. अर्ध्या तासाचं काम, मी सोळा दिवसांनी केलं. एवढं करूनही पेज टेबलाच्या जागेतल्या कॅशे ओळी एमएमयू चालू करण्याआधी स्वतः रद्द करा. करंट-ईएल हा रजिस्टर छापा: ८ आला तर ईएल२, ४ आला तर ईएल१. त्याच ईएलचा एससीटीएलआर छापा, बिट ० आणि बिट २ शून्य हवेत. दर नव्या लोडरला, दर नव्या बोर्डाला. छापा.

यूईएफआयची (फर्मवेअरने ओएस सुरू करायच्या प्रमाणित पद्धतीची) वाट वाईट नाही. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या ओएस याच वाटेने जातात आणि अनेक बोर्ड सांभाळायचे असतील तर हीच धरा. मेमरी मॅप आयता मिळतो. पण तिथेही एमएमयू आणि कॅशे चालूच असतात, बूट सर्व्हिसेस (फर्मवेअरची सुरुवातीपुरती मदत) सोडल्यानंतरसुद्धा. म्हणजे तोच कागद परत काढायचा.

कर्नल टीएफटीपीने (नेटवर्कवरून) आणा. सीरियलचा वेग १,१५,२००वर उतरवलात तर त्यावरून १० एमबी पाठवायला पंधरा मिनिटं लागतात. पहिल्या २ एमबी रॅमला हात लावू नका, तिथे ट्रस्टेड फर्मवेअर (कर्नलच्याही वरच्या अधिकाराचा कोड) राहतं. डिव्हाइस ट्री ८ बाइटच्या सीमेवर. बाकीचे पाच कोअर पीएससीआयने (त्याच फर्मवेअरला कोअर चालू करायला सांगायच्या पद्धतीने) उठवा. ते ईएल२वर जागे होतात, त्यांनाही उतरवा, त्यांचाही ईएल छापा. वॉचडॉग (प्रतिसाद नसेल तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) बघा. रूट फाइलसिस्टिमचं पुढच्या आठवड्यात.