शेवट जवळ आलेल्या अ‍ॅनिमे मालिकेवर मत कसं बनवावं, कसं लिहावं

अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन. अशी मालिका संपायला दोन-तीन आठवडे उरले असताना दिलेल्या मताचे दोन वेगळे हिस्से असतात. एक म्हणजे मालिकेने आतापर्यंत करून दाखवलेलं, आणि दुसरं म्हणजे तिने अजून द्यायचं बाकी असलेलं. पहिल्याला जमा म्हणू, दुसऱ्याला उधारी. बहुतेक मतं फसतात ती या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे. दहाव्या भागातली लढाई डोळे दिपवणारी होती म्हणून शेवटही तसाच होणार असं धरलं जातं. नाहीतर शेवट फसेल या धास्तीने आधीचे नऊ चांगले भागसुद्धा मोडीत काढले जातात. म्हणून कामाची सुरुवात वहीत दोन रकाने आखून करा.

आधी वेळ मोजा

जपानी टीव्हीवर नव्या मालिका वर्षातून चार वेळा सुरू होतात: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. तीन महिन्यांच्या एका टप्प्याला कूर म्हणतात आणि त्यात साधारण ११ ते १३ भाग बसतात. दोन कूरची मालिका बहुधा २२ ते २६ भागांची असते. आपण बघतोय त्या मालिकेचे एकूण भाग किती, हे सगळ्यात आधी पक्कं करा. मालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावर ब्लू-रेच्या (विक्रीसाठीच्या डिस्कच्या) खंडांची यादी लागली असेल, तर कोणत्या खंडात किती भाग हे तिथे बहुतेक वेळा दिलेलं असतं. त्यांची बेरीज करा. मालिका दोन तुकड्यांत दाखवली जाणार असेल, म्हणजे मध्ये तीन महिने किंवा त्याहून जास्त अंतर असेल, तर बारावा भाग हा शेवट नसून फक्त थांबा आहे. तिथे सगळी उधारी चुकती होण्याची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. तिथे एवढंच बघायचं, की थांबण्याची जागा नीट निवडली आहे का.

आता मिनिटं. एक भाग सुमारे २४ मिनिटांचा. त्यातून ओपनिंगचे (सुरुवातीच्या गाण्याचे) ९० सेकंद, एंडिंगचे (शेवटच्या गाण्याचे) ९० सेकंद आणि पुढच्या भागाच्या झलकेचे १५ ते ३० सेकंद वजा केले, की कथेसाठी उरतात साडेवीस मिनिटांच्या आसपास. तीन भाग शिल्लक असतील तर हातात जेमतेम एक तास आहे. शेवटच्या भागात बरेचदा ओपनिंग गाळतात किंवा ते ऐन कळसाच्या प्रसंगावर वाजवतात, आणि श्रेयनामावली चालू दृश्यावरच सरकवतात. त्यातून आणखी दीड ते तीन मिनिटं सुटतात. यापेक्षा जास्त वेळ कुठून येत नाही, शेवटचा भाग लांबवल्याचं जाहीर झालं असेल तरच.

मग उधारीच्या रकान्यात प्रत्येक उघडा प्रश्न एका ओळीत लिहा आणि त्यापुढे अंदाजे मिनिटं टाका. रहस्य उलगडणारा संवाद तीन-चार मिनिटं खातो. मोठी लढाई आठ-दहा मिनिटं. दोन पात्रांमधला तुटलेला संबंध जुळायचा किंवा कायमचा संपायचा असेल तर दोन मिनिटांच्या आत ते मनाला लागत नाही. बेरीज एका तासाच्या बरीच पुढे गेली, तर शेवट धावपळीचा होईल किंवा काही प्रश्न तसेच राहून जातील, हे आधीच ओळखता येतं. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'च्या २०२१ सालच्या दुसऱ्या हंगामात हेच झालं. मूळ मांगामधले (जपानी चित्रकथेतले) मोठे टप्पे गाळून ११ भागांत सगळं संपवलं, आणि शेवटच्या भागात कितीतरी घटना नुसत्या एकामागून एक चित्रांमधून उरकल्या. मधल्या भागांतच मिनिटांचा हिशेब मांडणाऱ्याला ते येताना दिसत होतं.

इथे एक चाळणी फार महत्त्वाची आहे. उधारी मालिकेने स्वतः केलेली असावी लागते. प्रेक्षकांनी आपसांत रचलेल्या तर्कांची जबाबदारी मालिकेवर नाही. कसोटी सोपी आहे: त्या गोष्टीवर मालिकेने निदान दोन वेगवेगळ्या भागांत मुद्दाम वेळ खर्च केला आहे का? एखादा क्लोज-अप, एखादी अर्धवट तोडलेली ओळ, परत परत दिसणारी वस्तू? असेल तर ती उधारी. पार्श्वभूमीतल्या एका फ्रेमवरून कुणीतरी सिद्धांत मांडला आणि तो खरा निघाला नाही, तर त्यात लेखनाचा दोष नाही. शेवटाबद्दलची निम्मी नाराजी याच गफलतीतून येते, असं माझं ठाम मत आहे.

परत काय बघायचं

सगळी मालिका पुन्हा बघायची गरज नाही. तीन भाग पुरतात, सव्वा तासाचं काम आहे. पहिला भाग बघा, कारण मालिकेने कशाचं वचन दिलं ते तिथे असतं. बारा भागांच्या मालिकेत सहावा किंवा सातवा बघा, कारण कथेची दिशा बदलते ती बहुधा इथेच. आणि नुकताच आलेला भाग दुसऱ्यांदा बघा, पण निदान एक दिवस मध्ये जाऊ द्या. पहिल्या भागात मुख्य पात्राला काय हवं होतं आणि आज काय हवं आहे, हे दोन वाक्यांत लिहा. दोन्ही वाक्यं सारखीच निघाली आणि मधल्या नऊ भागांत त्याला त्या इच्छेची काही किंमतही मोजावी लागली नसेल, तर मालिका जागच्या जागी फिरते आहे. शेवट कितीही भव्य असला तरी हा दोष त्याने भरून निघत नाही.

बघताना वेग १.५ पट करू नका. दोन वाक्यांमधली शांतता, पात्र वळण्याआधीचा अर्धा सेकंद, हे सगळं दिग्दर्शनाचंच काम आहे, आणि वेग वाढवला की पहिल्यांदा तेच जातं. आठवड्याला एक भाग बघणाऱ्यालाही वेगळा त्रास होतो. सात दिवस वाट बघून संथ भाग आला की तो आहे त्यापेक्षा जास्त संथ वाटतो. "सातवा ते नववा भाग रेंगाळले" असं लिहायचं असेल, तर आधी ते तिन्ही सलग बघून खात्री करा. सलग बघूनही रेंगाळले, तर बिनधास्त लिहा. संवाद अवघडल्यासारखा वाटला तर लेखकाला बोल लावण्याआधी तेच वाक्य दुसऱ्या सबटायटलमध्ये तपासा.

निर्मितीचा ताण ओळखा

चित्रांची घसरण झाली की "स्टुडिओने पैसे वाचवले" असं सर्रास म्हटलं जातं. खरी टंचाई बहुतेकदा वेळेची असते. तिच्या खुणा पडद्यावरच असतात. श्रेयनामावलीत अ‍ॅनिमेशन डिरेक्टरची नावं मोजा. त्याचं काम म्हणजे वेगवेगळ्या हातांनी काढलेली चित्रं दुरुस्त करून एकसारखी करणं. निवांत वेळापत्रकात एका भागाला एक ते तीन नावं असतात. तीच दहा-बाराच्या पुढे गेली, की काम तुकडे करून घाईत वाटलं गेलं असण्याची दाट शक्यता आहे. मोठ्या लढाईच्या भागात मात्र नावं अशीही वाढतात, म्हणून एका भागावरून निष्कर्ष काढू नका, सलग तीन भागांचे आकडे लावा.

हंगाम ऐन मध्यावर असताना अचानक जुन्या प्रसंगांची उजळणी करणारा भाग आला, तर तीही वेळ कमी पडल्याची खूण असते. पण ती वाईट शेवटाची खूण आहे असं समजू नका. रणगाड्यांच्या सामन्यांवरची 'गर्ल्स उंड पँझर' २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, दोन उजळणीचे भाग मध्ये घालावे लागले, आणि अकरावा-बारावा भाग थेट २०१३ च्या मार्चमध्ये आला. तो वाढीव वेळ शेवटच्या सामन्यात पुरेपूर दिसतो. उलट 'वंडर एग प्रायॉरिटी'मध्ये आठवा भाग उजळणीचा आला, बारावा भाग झाला तरी कथा संपली नाही, आणि २०२१ च्या जूनमध्ये वेगळा विशेष भाग काढावा लागला. त्यानेही बरेच धागे मोकळेच ठेवले. दोन्हीकडे उशीर झाला, पण पहिलीला चित्रं पुरी करायची होती आणि दुसरीला कथाच पुरी करायची राहिली होती. तुमच्या मालिकेत यातलं काय कमी पडतंय ते आधी ठरवा.

आठव्या ते दहाव्या भागात चित्रं साधी झाली तर लगेच उधारीत लिहू नका. चांगले अ‍ॅनिमेटर शेवटच्या दोन भागांसाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. शेवटच्या भागाचा स्टोरीबोर्डही (दृश्यांचा चित्रांतला आराखडा) मुख्य दिग्दर्शक अनेकदा स्वतः करतो.

मूळ कथा आहे की नाही

मांगा किंवा लाइट नॉव्हेलवर (तरुण वाचकांसाठीच्या सचित्र कादंबरीवर) आधारलेली मालिका आणि स्वतंत्र मालिका यांना एकच माप लावू नये. साप्ताहिक मांगाचं एक प्रकरण साधारण १८ ते २० पानांचं असतं, आणि एका भागात दोन-तीन प्रकरणं आरामात बसतात. तुमच्या मालिकेत अचानक एका भागात पाच-सहा प्रकरणं जायला लागली, तर ठरावीक जागी पोचण्यासाठी पळापळ चालू आहे. मूळ मांगा अजून चालू असेल तर खरा शेवट मिळणारच नाही, आणि हे मतात पहिल्या परिच्छेदात सांगा. कधी मालिका स्वतःचा शेवट रचते. 'फुलमेटल अल्केमिस्ट' २००३-०४ मध्ये ५१ भागांत वेगळ्याच वाटेने संपली, कारण मांगा पुढे २०१० पर्यंत चालला. त्याच मांगावरच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड' या दुसऱ्या मालिकेने नंतर ६४ भागांत मांगाची वाट धरली. अशा वेळी "मांगात असं नाही" एवढ्यावर दोष देता येत नाही. मालिकेने स्वतः पेरलेलं तिने उगवून दाखवलं का, एवढंच विचारा.

मूळ कथा वाचलेली असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि पुढचं काहीही सूचित करू नका. "थांबा, पुढे बघा काय होतंय" हे वाक्यसुद्धा स्पॉइलर आहे.

लिहिणं

पहिल्या ओळीत कितव्या भागापर्यंत बघितलं ते लिहा: "१२ पैकी १० भागांनंतर". मग जमा, मग उधारी, आणि शेवटी तुमचा कौल. जमा लिहिताना विशेषणांऐवजी जागा दाखवा. "दिग्दर्शन अप्रतिम" यातून वाचकाला काही मिळत नाही. "पाचव्या भागात भांडण चालू असताना कॅमेरा पूर्ण वेळ दाराबाहेर राहतो, म्हणून आपल्यालाही आत जाता येत नाही" यातून मिळतं. एका मालिकेसाठी अशा तीन जागा पुरतात, सहा नकोत.

गुण द्यायचे असतील तर एक आकडा देऊ नका, पट्टा द्या, आणि तो कशाने हलेल ते सांगा. "७ ते ८.५. बहिणीचं पत्र नीट उलगडलं तर वरचा आकडा, विसरलं गेलं तरी ७ च्या खाली जाणार नाही." पट्टा किती रुंद ठेवायचा हे मालिकेच्या जातीवर अवलंबून आहे. रोजच्या जगण्यावरच्या मालिकेत दर भाग आपापला हिशेब पुरा करतो, तिथे अर्ध्या गुणाचा पट्टा खूप झाला. रहस्याच्या मालिकेत मात्र शेवट मागच्या प्रत्येक भागाचा अर्थ बदलू शकतो, म्हणून तिथे दोन-अडीच गुणांचा पट्टाही प्रामाणिक ठरतो. एकाच वेळी पाच-सहा मालिकांवर लिहीत असाल तर त्यांची क्रमवारी या टप्प्यावर लावू नका. एखादी स्वयंपूर्ण भागांची आणि दुसरी सगळी उधारीवर उभी, यांची तुलना आज जमत नाही.

शेवटचा भाग आल्यावर

जपानी वेळापत्रकात "शनिवार २५:३०" असं दिसलं तर ते रविवारी पहाटे दीडला, तेही जपानच्या वेळेने. भाग बघून झाल्या झाल्या दुसऱ्यांची मतं उघडू नका. आधी वहीतल्या उधारीच्या प्रत्येक ओळीपुढे एकच खूण करा: चुकती झाली, अर्धी झाली, किंवा मालिकेने जाणूनबुजून उघडी ठेवली. तिसऱ्या खुणेला जपून वापरा. उघडा शेवट आणि विसरलेला धागा यांत फरक असा, की उघड्या शेवटात मालिका त्या प्रश्नाकडे शेवटच्या भागात पुन्हा एकदा बघते आणि मग तो सोडते. 'इव्हँजेलियन'चे १९९६ सालचे शेवटचे दोन भाग बाहेरची कथा बाजूला ठेवून पूर्णपणे पात्रांच्या मनात शिरतात. ते आवडोत न आवडोत, पण नायकाला स्वतःबद्दल पडलेला प्रश्न ते सोडत नाहीत. बाहेरच्या कथेची उधारी मात्र राहिली, आणि तिच्यासाठी १९९७ मध्ये चित्रपट आला. दोन्ही नोंदी एकाच मतात शेजारी शेजारी राहू शकतात.

जुनं मत पुसू किंवा बदलू नका, त्याच्याखाली तारीख घालून नवं जोडा. पट्ट्याच्या बाहेर आकडा गेला असेल तर कोणत्या ओळीमुळे गेला तेही लिहा. शेवटच्या भागानंतर लगेच पुढच्या हंगामाची घोषणा झाली तर तिचा आनंद गुणांमध्ये मिसळू नका. आणि तुमची तक्रार फक्त चित्रांबद्दल असेल तर ब्लू-रे येईपर्यंत ती कच्ची समजा. टीव्हीवर घाईत गेलेली दृश्यं तिथे अनेकदा दुरुस्त होतात.