वळवाचा पाऊस ओळखताना या चुका टाळा

एप्रिलमधली दुपार होती. कांदा काढून, पात कापून रानातच ढीग लावले होते. कांदाचाळीत न्यायला ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी येणार होता. पूर्वेला ढग फुगत होता, पण वारा पश्चिमेकडून थेट ढगाच्याच दिशेने वाहत होता. "वारा त्याला तिकडेच ढकलतोय," असं आबांना सांगून मी ताडपत्रीची घडीसुद्धा मोडली नाही. साडेचारला वारा पडला, पान हलेना. मग पूर्वेकडूनच गार झोत आला, धुळीचा लोट उठला आणि पाठोपाठ टपोरे थेंब. आम्ही दोघांनी धरलेली ताडपत्री शिडासारखी फुगली. निम्मा कांदा भिजला, आणि भिजलेला कांदा चाळीत किती टिकतो ते शेतकऱ्याला सांगायला नको.

वाऱ्यावरून ढगाची वाट ठरवणं

माझी पहिली चूक हीच. चूल पेटली की धूर वर जातो आणि चुलीच्या तोंडातून बाहेरची हवा आत ओढली जाते. वळवाचा ढग तसाच चालतो. तापलेली हवा त्याच्या पोटात वर चढते आणि तिची जागा भरायला आजूबाजूची हवा जमिनीलगत ढगाकडे धावते. म्हणजे मी ज्याला ढग ढकलणारा वारा समजत होतो, तो ढगाने ओढलेला वारा होता. ढग कुठे सरकणार हे बरंचसं काही किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांवर ठरतं, आणि तो वारा आपल्या अंगाला लागत नाही.

त्यापेक्षा विजेचा खांब किंवा झाडाचा शेंडा धरून ढगाची कड दहा मिनिटं बघावी. ढग खांबाच्या एका बाजूला सरकत असेल तर तो बाजूने जाण्याची शक्यता जास्त. बाजूला न सरकता नुसता रुंद आणि उंच होत असेल तर तो आपल्याच अंगावर येतोय असं धरून कामाला लागावं.

गार झोताची गंमतही समजून घ्या. ढगातून पडणाऱ्या पावसाचे काही थेंब वाटेतच सुकतात, त्यामुळे तिथली हवा गार आणि जड होते, धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून हा झोत पावसाच्या आधी पोचतो. आपण "हुश्श, बरं वाटलं" म्हणत ओट्यावर बसतो ती नेमकी हीच वेळ. ताडपत्री त्याच्या आधी, वारा नसताना घालायची. नुसते दगड ठेवून भागत नाही, वारा कडेखाली शिरतो. कडा मातीत दाबा, वरून दोर आवळा. आणि ऊन पडलं की उघडायला विसरू नका, नाहीतर आतल्या वाफेनेच कांदा घामेजून सडतो.

फक्त तापमान बघणं

"आज ४२ अंश, संध्याकाळी नक्की कोसळणार," असं म्हणणारे प्रत्येक पारावर सापडतात. उष्णता तर हवीच, पण नुसत्या उष्णतेने धूळ उडते, पाऊस पडत नाही. कोरड्या ४२ अंशांपेक्षा दमट ३८ अंश जास्त धोक्याचे.

हवेत पाणी किती आहे हे कळायला घरातला माठ पुरतो. हवा कोरडी असली की माठातून पाझरलेलं पाणी झपाझप सुकतं आणि सुकताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एरवी दात ठणकतील इतकं गार होणारं पाणी एके दिवशी कोमटच राहिलं, कूलर नुसता घोंघावतोय, कुरडया दोन उन्हं देऊनही वाकतायत, तर समजावं की समुद्रावरची वाफ आपल्यापर्यंत पोचली.

आता हिशोब बघा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला लागणाऱ्या उष्णतेत घरातलं सातेक लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता कुठे नाहीशी होत नाही, वाफेत दडून राहते. हवा वर चढली, गार झाली आणि वाफेचे थेंब झाले की ती सगळी परत मोकळी होते. त्यामुळे चढणारी हवा आणखी तापते, आणखी वर जाते. माठाला गार करणारीच किमया ढगाला बारा-पंधरा किलोमीटर उंच नेते.

मोबाइलवर आर्द्रतेची टक्केवारी बघणारेही फसतात. सकाळी २४ अंशांना ७० टक्के दिसते, दुपारी ४० अंशांना २८ टक्के, आणि माणूस म्हणतो हवा सुकली. प्रत्यक्षात वाफ तेवढीच आहे. तापलेल्या हवेत जास्त वाफ मावते म्हणून टक्का घसरला, एवढंच. त्याऐवजी 'दवबिंदू' बघा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागेल तो आकडा. पठारावर तो ५-१० अंशांच्या आसपास असेल तर हवा कोरडी. १८-२० कडे सरकला की ताडपत्री बाहेर काढून ठेवा.

जाता जाता: दमट हवेला आपण 'जड' म्हणतो, पण दाब आणि तापमान सारखं असेल तर ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका. जडपणा आपल्या अंगाला वाटतो, कारण घाम सुकत नाही.

गारा थंडीमुळे पडतात असं समजणं

गारेला बर्फ लागतो, पण त्याहून जास्त लागतो तो जोरकस उसळता वारा, जो तिला मोठी होईपर्यंत वर तोलून धरेल. खाली तापलेलं रान आणि वर अजून थंड असलेली हवा, हा योग फेब्रुवारी-मार्चपासून जुळतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात जी गारपीट झाली ती विसरता येत नाही. "अजून उन्हाळा कुठे लागलाय" म्हणून काढलेला हरभरा उघड्यावर ठेवू नका.

पाऊस सुरू झाल्यावर विजेची काळजी करणं

वीज पावसाच्या पुढे कित्येक किलोमीटर पडू शकते. लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली तर अजिबात नको: वीज झाडावर पडली तरी ती बाजूला उडते, जमिनीतून पसरते. जनावरं झाडाला बांधलेली असतील तर वेळ आहे तोवर सोडवून आणा. रबरी चप्पल वाचवते हा भ्रम आहे. वीज लागलेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात, पण त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास आणि नाडी थांबली असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं, ते घेऊन ठेवा.

"इशारा होता, पण काहीच झालं नाही"

इशारा जिल्ह्याचा असतो, ढग दहा-पंधरा किलोमीटरचा. भर पावसाळ्यातही, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३ झाला होता. वळीव तर याहून लहरी. एका बांधावर ओल, दुसऱ्यावर धूळ. सकाळच्या अंदाजावर दिवस काढू नका, दुपारनंतर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघत राहा.

आणि रोहिणीत असा एक दणका बसला की पेरायची घाई करू नका. वळीव म्हणजे मॉन्सून नव्हे. तो गेला की पुन्हा आठ-पंधरा दिवस ऊन तापतं आणि उगवलेलं कोंब करपतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर खाली माती मुठीत वळते का ते बघा. आबा अजूनही आधी माठातलं पाणी पितात, मग माती उकरतात. माझ्या मोबाइलकडे मात्र ते बघत नाहीत.